अर्जाचा फोटो, सही आणि कागदपत्रं: आधी पिक्सेल, मग केबी

"मामा, साइट फोटो घेतच नाहीये." अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री साडेदहाला येणारा फोन बहुतेक याच वाक्याने सुरू होतो. पुढचं मला पाठ आहे. फोटो चार वेगवेगळ्या 'कंप्रेस' साइटवर फिरून आलेला असतो, चेहरा ठिपक्याठिपक्यांचा झालेला असतो आणि मूळ फोटो कुठे आहे हे कुणालाच आठवत नसतं.

चूक सॉफ्टवेअरची नसते, क्रमाची असते. लोक आधी केबी कमी करतात, मग फोटो कापतात, मग पिक्सेल बदलतात. कापलं की केबी हलतात, पिक्सेल बदलले की पुन्हा हलतात. म्हणून पुन्हा कंप्रेस. जेपीजी फाइल बदल करून दरवेळी सेव्ह केली की तिचा दर्जा थोडा उतरतो, हे वेगळंच.

पिक्सेल म्हणजे चित्राची लांबी-रुंदी, केबी म्हणजे फाइलचं वजन. सुती साडी आणि पैठणी दोन्ही सहावारी असतात, वजन मात्र वेगळं. तेवढा फरक डोक्यात ठेवा आणि खालच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

१. आधी सूचना वाचा, आकडे कागदावर लिहा

प्रत्येक फाइलसाठी चार गोष्टी लिहून घ्या: फाइलचा प्रकार, पिक्सेल, कमीत कमी केबी, जास्तीत जास्त केबी. तिसरी गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात.

नमुन्यादाखल बँक भरतीचा आयबीपीएसचा अर्ज घेऊ. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० पिक्सेल, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २४० बाय २४० पिक्सेल, २० ते ५० केबी. हाताने लिहिलेलं घोषणापत्र ८०० बाय ४०० पिक्सेल, ५० ते १०० केबी. यापुढची सगळी उदाहरणं याच आकड्यांवर आहेत. तुमचा अर्ज दुसरा असेल तर आकडे त्यातले घ्या, क्रम हाच ठेवा.

सावध: गेल्या वर्षीच्या अर्जाचे आकडे यंदा गृहीत धरू नका. मैत्रिणीने पाठवलेला स्क्रीनशॉटही नको, तुमच्या जाहिरातीची पीडीएफ उघडा.

२. तीन सॉफ्टवेअर, तिन्ही मोफत

फोटो आणि सहीसाठी इरफानव्ह्यू. आकाराने लहान आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही पटकन उघडतं. ते मोफत आहे ते घरगुती वापरासाठी. पैसे घेऊन अर्ज भरून देणाऱ्या केंद्राने परवाना घ्यायला हवा.

कागद स्कॅन करून पीडीएफ बनवायला नॅप्स२. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि स्कॅनर नसला तरी मोबाइलने काढलेले फोटो त्यात ओढून टाकता येतात.

पीडीएफचं वजन कमी करायला पीडीएफ२४ क्रिएटर. याची वेबसाइटसुद्धा आहे, पण मी कॉम्प्युटरवर बसवायचंच सॉफ्टवेअर म्हणतोय. वेबसाइटवर फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते, बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं. आधार, पॅन, सही आणि अंगठा एकाच बैठकीत अनोळखी साइटला देऊन टाकणं मला तरी पटत नाही. ते टाळायला फक्त दहा मिनिटांचं इन्स्टॉलेशन लागतं.

मॅक किंवा लिनक्सवाल्यांना फोटोसाठी स्क्वूश ही वेबसाइट चालेल. ती ब्राउझरमध्ये उघडते, पण फोटो बाहेर पाठवत नाही. खात्री करायची तर साइट उघडल्यावर वायफाय बंद करा आणि मग फोटो टाकून बघा, काम चालूच राहतं.

सावध: डाउनलोड करताना शोधनिकालातल्या सर्वांत वरच्या 'जाहिरात' लिहिलेल्या दुव्यावर जाऊ नका. पानावर तीन हिरवी बटणं दिसली तर त्यातली दोन जाहिराती असण्याची शक्यता मोठी. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या.

३. मूळ फाइल मिळवा आणि तिला हात लावू नका

डेस्कटॉपवर दोन फोल्डर करा, 'मूळ' आणि 'तयार'. मूळमध्ये फोनमधून किंवा स्कॅनरमधून आलेली फाइल जशीच्या तशी ठेवायची. काम नेहमी तिच्या प्रतीवर.

फोटो फोनमध्ये असेल तर केबलने घ्या. केबल नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना गॅलरीतून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेतच बारीक होतो.

आयफोनवाल्यांची वेगळी डोकेदुखी. त्यांचा फोटो एचईआयसी प्रकारात येतो आणि साइट तो नाकारते. मग नावाच्या शेवटची अक्षरं बदलून जेपीजी करतात. तसं करून आतला माल बदलत नाही, डब्यावरचं लेबल तेवढं बदलतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा आणि फोटो पुन्हा काढा.

तपासा: मूळ फोटो इरफानव्ह्यूमध्ये उघडून आय हे अक्षर दाबा. माहितीची खिडकी उघडते. चेहऱ्याच्या फोटोची रुंदी तिथे ४०० पिक्सेलपेक्षा कमी दिसली तर तो बहुधा आधीच कुणीतरी बारीक केलेला आहे. दुसरा शोधा.

४. फोटो: कापा, मग पिक्सेल, मग केबी

स्टुडिओतला पासपोर्ट फोटो ३.५ बाय ४.५ सेंटीमीटर असतो. २०० बाय २३० ही चौकट त्यापेक्षा बुटकी आहे. बहुतेक जण न कापता सरळ २०० आणि २३० आकडे टाकतात आणि चेहरा साधारण १२ टक्के रुंद होतो. ओळखपत्रावर सगळ्यांचे गाल फुगलेले दिसतात ते यामुळे.

म्हणून आधी कापायचं. इरफानव्ह्यूच्या एडिट मेन्यूत 'क्रिएट कस्टम क्रॉप सिलेक्शन' आहे. तिथे गुणोत्तर २० : २३ द्या. फोटोवर चौकट येते, ती चेहऱ्यावर नीट बसवा. डोक्यावर थोडी जागा सोडा आणि जे काही कापायचं ते खालून, छातीकडून कापा. पासपोर्ट फोटोत साधारण अर्धा सेंटीमीटर जातो. मग कंट्रोल आणि वाय दाबा, फोटो कापला जातो.

आता कंट्रोल आणि आर. 'सेट न्यू साइज'मध्ये एकक पिक्सेल आहे ना ते बघा, नाहीतर २०० सेंटीमीटरचा फोटो होईल. 'प्रिझर्व्ह अ‍ॅस्पेक्ट रेशो'ची खूण राहू द्या आणि रुंदीत २०० लिहा. उंचीत आपोआप २३० आली तर कापणं बरोबर झालं. २२९ किंवा २३१ आली तर खूण काढून २३० करा, एका पिक्सेलने चेहरा बिघडत नाही. पण २५७ आली तर आधीची पायरी चुकली आहे. परत जा.

इथे फाइल पीएनजी प्रकारात सेव्ह करून ठेवा. पीएनजीत दर्जा जात नाही. पुढे केबी जमेपर्यंत तीन-चार वेळा सेव्ह करावं लागलं तर दरवेळी याच पीएनजीपासून सुरुवात करायची.

केबी आत्ता, सगळ्यांत शेवटी. 'सेव्ह अ‍ॅज', प्रकार जेपीजी. शेजारी पर्यायांची छोटी खिडकी उघडते, त्यात दर्जाची पट्टी १ ते १०० अशी आहे. ९० ला सेव्ह करा, केबी बघा. ५० च्या वर गेले तर पट्टी खाली आणा. २० च्या खाली राहिले तर वर न्या, ९५ किंवा १००. त्याच खिडकीत मूळ एक्सिफ माहिती ठेवायची खूण असते, ती काढा. फोन आणि तारखेची ही माहिती छोट्या फाइलमध्ये उगाच जागा खाते.

तपासा: तयार जेपीजी उघडून शंभर टक्के आकारात बघा. डोळे, नाक, कान स्पष्ट आहेत? मागची भिंत पांढरी किंवा फिकट आहे? मग पुढे.

काही अर्जांत आता कॅमेऱ्यासमोर बसून लाइव्ह फोटोही घेतात. तो साइटच घेते, त्याला यातलं काही लागू नाही. तेवढा पंखा बंद करा आणि खिडकी पाठीमागे येऊ देऊ नका.

५. सही: सगळ्यांत जास्त अर्ज इथे अडतात

दोन अडचणी आहेत आणि दोन्ही उलट दिशेच्या.

पहिली: लोक पूर्ण ए४ कागदावर मधोमध सही करतात आणि आख्खा कागद १४० बाय ६० मध्ये कोंबतात. सहीचा डास होतो. यावर माझा उपाय पट्टी आणि पेन्सिलचा आहे. १४० बाय ६० म्हणजे ७ : ३. पांढऱ्या, रेघा नसलेल्या कागदावर पेन्सिलने ७ सेंटीमीटर रुंद आणि ३ सेंटीमीटर उंच चौकट आखा. काळ्या शाईच्या पेनने तिच्यात सही करा, दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून. आयबीपीएसच्या सूचनेत काळी शाई स्पष्ट सांगितलेली आहे, आणि सही कॅपिटल अक्षरांत चालत नाही. पाच चौकटी आखून पाच सह्या करा, त्यातली नेहमीच्या सहीसारखी जमलेली घ्या. परीक्षेच्या दिवशी हीच सही पुन्हा करायची असते, तेव्हा आज सुंदर काढायच्या नादात वेगळी काढू नका.

स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. फोनने काढायचा असेल तर दिवसा, खिडकीपाशी, फोन कागदाला अगदी समांतर धरून. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत कागद राखाडी येतो आणि फोनची सावली बरोबर सहीवर पडते. तरीही राखाडी आलाच तर शिफ्ट आणि जी दाबून उजेड आणि कॉन्ट्रास्ट थोडे वाढवा. थोडे म्हणजे थोडेच. फार वाढवलं की सहीच्या बारीक रेषा गायब होतात.

मग फोटोसारखंच. ७ : ३ गुणोत्तराने पेन्सिलच्या रेघांच्या किंचित आतून कापा, कंट्रोल आणि आरमध्ये रुंदी १४०, उंची ६० आली का बघा, पीएनजी सेव्ह करा.

आता दुसरी अडचण. १४० बाय ६० म्हणजे जेमतेम ८,४०० पिक्सेल, त्यातही बहुतेक पांढरे. जेपीजी पांढऱ्या जागेला वजनच देत नाही. दर्जा १०० केला तरी फाइल सहा-सात केबीच्या पुढे सरकत नाही, आणि साइटला किमान १० हवेत. भाचीच्या अर्जाच्या वेळी याच जागी पाऊण तास गेला होता. ती बिचारी आणखी कंप्रेस करत होती, कारण 'साइज बरोबर नाही' या इंग्रजी संदेशाचा अर्थ तिने 'फाइल मोठी आहे' असा घेतला. फाइल लहान पडत होती.

यावर आधी हे करा. जेपीजीच्या पर्यायांच्या खिडकीत 'डिसेबल क्रोमा सबसॅम्पलिंग' अशी खूण आहे, ती करा आणि दर्जा १०० ठेवा. फाइल थोडी जड होते. तेवढ्याने भागलं नाही तर पिक्सेल दुप्पट करा, २८० बाय १२०. मात्र दुप्पट करताना १४० ची पीएनजी ताणू नका, मूळ स्कॅनपासून पुन्हा उतरवा. आयबीपीएसच्या सूचनेत सहीच्या पिक्सेलपुढे 'प्रीफर्ड' असा शब्द आहे, म्हणजे ते माप सुचवलेलं आहे, सक्तीचं नाही. केबीची मर्यादा मात्र सक्तीची. तुमच्या अर्जात पिक्सेलही सक्तीचे असतील तर हा मार्ग बंद. मग पांढरी जागा कमी राहील अशी थोडी मोठी आणि ठसठशीत सही करून पुन्हा स्कॅन करा.

अंगठ्याचा ठसा आणि घोषणापत्र याच पद्धतीने. ठशाला १ : १, घोषणापत्राला २ : १. ठशासाठी शाई कमी लावा, रेषा दिसायला हव्यात. घोषणापत्राचा इंग्रजी मजकूर अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहायचा असतो, कॅपिटल अक्षरांत नाही. घरात अक्षर चांगलं आहे म्हणून ताईकडून लिहून घेऊ नका.

६. कागदपत्रांची पीडीएफ: कंप्रेस करण्याआधी नीट स्कॅन करा

डिजिलॉकरमध्ये दाखला मिळत असेल तर स्कॅन करूच नका, तीच पीडीएफ उतरवून घ्या. ती हलकीही असते आणि स्वच्छही.

नसेल तर नॅप्स२ उघडा आणि नवं प्रोफाइल करा. पानाचा आकार ए४, रंग 'ग्रेस्केल' (राखाडी छटांचा), रिझोल्यूशन १५० किंवा २०० डीपीआय. ३०० डीपीआयला ए४ पान २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, १५० ला १२४० बाय १७५४. रुंदी-उंची निम्मी झाली म्हणजे पिक्सेल एक चतुर्थांश. ३०० ला रंगीत स्कॅन करून मग कंप्रेसरने पिळून काढण्यापेक्षा पहिल्यांदाच १५० ला ग्रेस्केल केलेलं पान जास्त वाचनीय येतं. वजनही आपोआप आटोक्यात.

सावध: 'ब्लॅक अँड व्हाइट' निवडू नका. फाइल भलतीच हलकी होते म्हणून मोह होतो. मी एकदा जातीचा दाखला तसा पाठवला होता. फिकट निळा गोल शिक्का पार उडाला, आणि अर्ज 'शिक्का दिसत नाही' असा शेरा घेऊन परत आला. चूक माझी, हेलपाटा दाखल्याच्या मालकाला. सूचनेत रंगीत प्रत मागितली असेल तर रंगीतच करा.

दोन बाजू असलेला कागद असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करा, पानं ओढून क्रम लावा, वाकडं पान सरळ करा, कडेची काळी पट्टी कापा आणि मग एकच पीडीएफ सेव्ह करा. सेव्ह करताना 'सगळी पानं' की 'निवडलेली पानं' हे विचारलं जातं. तिथे घाईत फक्त पुढची बाजू सेव्ह झालेली मी कितीदा पाहिली आहे.

एवढं करूनही वजन जास्त आलं तर पीडीएफ२४ च्या टूलबॉक्समध्ये 'कंप्रेस पीडीएफ' आहे. तिथे डीपीआय आणि चित्राचा दर्जा असे दोन आकडे बदलता येतात. आधी डीपीआय थोडा उतरवा, दर्जा नंतर. एकदाच करा. कंप्रेस केलेली फाइल पुन्हा कंप्रेस करायची वेळ आली तर मूळ पीडीएफपासून करा.

पासवर्ड असलेली पीडीएफ बऱ्याच साइट घेत नाहीत. ई-आधार तसंच येतं. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून उघडा, प्रिंट दाबा आणि प्रिंटरच्या जागी 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडा. या नव्या प्रतीला पासवर्ड नसतो, पण मूळ फाइलवरची डिजिटल सहीसुद्धा त्यात टिकत नाही. म्हणून ही प्रत फक्त अपलोडपुरती, मूळ ई-आधार जपून ठेवा. आणि पूर्ण क्रमांक मागितलेला नसेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तपासा: पीडीएफ उघडून दाखल्याचा क्रमांक, तारीख आणि शिक्क्यातली अक्षरं वाचता येतात का ते बघा. तुम्हाला झूम करूनही वाचता येत नसतील तर तपासणाऱ्यालाही येणार नाहीत.

७. नाव आणि खरं वजन

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, मध्ये जागा न सोडता. मराठी नाव मलाही आवडतं, पण जुन्या धाटणीच्या साइट देवनागरी नावावर गडबडतात. नावात जास्तीचा टिंबही नको. टिंबानंतरचं ते फाइलचा प्रकार, असं साइट समजते. विंडोज हा प्रकार लपवतं, त्यामुळे एकाच फाइलला दोनदा जेपीजी जोडलेलं कळतच नाही. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'ची खूण करा.

वजन बघायला फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथे 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे दिसतात. पहिला खरा. दुसरा डिस्कवर अडलेली जागा दाखवतो आणि सहसा थोडा मोठा असतो. तो बघून पुन्हा कंप्रेस करायला बसू नका. मर्यादा ५० ची असेल तर ४५ च्या आसपास थांबा. ४९.९ वर नशीब अजमावण्यात काही मजा नाही.

८. अपलोड आणि शेवटची नजर

एकेक फाइल टाका आणि प्रत्येक वेळी साइटने दाखवलेलं छोटं चित्र बघा. फोटोच्या जागी सही आणि सहीच्या जागी फोटो, ही चूक हसण्यासारखी वाटते. रात्री बारा वाजता ती हमखास होते, आणि एकदा अंतिम सबमिट झालं की बऱ्याच अर्जांत बदलता येत नाही. प्रीव्ह्यूचं पान घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

साइटने फाइल नाकारली तर संदेश शब्दशः वाचा. वजन जास्त, वजन कमी, प्रकार चुकीचा की पिक्सेल चुकीचे, हे त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. त्यानुसार मागच्या त्याच एका पायरीवर जा. सगळं पहिल्यापासून करू नका.

सबमिट झाल्यावर अर्जाची पीडीएफ उतरवून घ्या आणि 'तयार' फोल्डरमध्ये ठेवा. सायबर कॅफेत बसून भरला असेल तर डेस्कटॉप आणि डाउनलोड्समधल्या तुमच्या फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तिथून काढा, रिसायकल बिन रिकामा करा आणि स्कॅनरच्या काचेखाली मार्कलिस्ट राहिली नाही ना, ते झाकण उचलून बघा.